थबक

शलाका दाभोळेने आईला परात घेऊन कणीक मळायला बसवलं, शेजारी रिकामा पाळणा टांगला आणि पाळण्याच्या दांडीवरचा पंजाएवढा पडदा चालू केला. हात न धुता हे मशीन सुरू करायचं, एवढंच तिने सांगितलं. मग मांडीवर दहा महिन्यांची लेक मनवा आणि हातात घड्याळ घेऊन ती बघत बसली.

आईने पडदा वाचला. वाचला म्हणजे ऐकला, कारण पडदा स्वतःच बोलत होता. तिने कोपराने एक चौकोन दाबला, थोड्या वेळाने आणखी एक, आणि दांडीतली मोटर हलकेच घुमून दोरी ओढू लागली. पाळणा हलला. अडतीस सेकंद झाली होती.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

"आणि मला नको असतं, तर काय दाबायचं होतं?"

तेवढ्यात मनवाने घड्याळ तोंडात घातलं, आणि शलाका ते काढून घेऊ लागली.

पाळण्यावरच्या त्या मशीनचं नाव जोजवण. दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ दवाखान्यातून घरी जायला निघालं, की त्याच्याबरोबर जोजवणचा डबा जायचा. डब्यात दोन वस्तू. बाळाच्या छातीला बांधायचा मऊ पट्टा आणि पाळण्याला झोका देणारी मोटर. अशी नाजूक बाळं झोपेत कधीकधी श्वास घ्यायचंच विसरतात. पंधरा सेकंद श्वास आला नाही तर पट्टा थरथरून बाळाला जागं करायचा आणि मोठ्याने वाजून आईला बोलवायचा. मशीन उत्तम होतं. पण ते आईने स्वतः सुरू करावं लागे, आणि तिथेच घोडं अडत होतं. अकरा प्रश्न, दोन पासवर्ड, एक सही. निम्मे डबे माळ्यावर जात.

मशीनमध्ये सगळं नीट बसवून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला बाकीचं जग इन्स्टॉलर म्हणतं. कोल्हापूरच्या त्या कचेरीत त्याला बसवणी म्हणत, आणि बसवणी सोपी करणं हे शलाकाचं काम होतं. तिने अकरा प्रश्नांचे चार केले. एका वेळी एकच प्रश्न, तोही बोलून, आणि खाली दोनच चौकोन: 'हो' आणि 'नंतर'. आधी तिसरा चौकोनही होता, 'नको'. पण गडहिंग्लजच्या एका आजींनी तो पाहिला आणि हातच जोडले. मी नको म्हणणारी कोण, त्या म्हणाल्या, माझ्या लेकाला विचारा. अशा आणखी सहा-सात जणी निघाल्या. 'नको' दिसलं की त्यांना वाटे, आपल्या हातून काहीतरी बिघडणार. म्हणून शलाकाने तो चौकोन काढून टाकला. बायांची भीती गेली. तिला वाटलं, आपण त्यांच्यावर मायाच केली.

त्यानंतर पराग कानविंदेने बसवणी शिकती केली. पराग तिचा वरिष्ठ, वयाने मात्र दोनच वर्षांनी मोठा. प्रश्न दिसल्यापासून बोट टेकेपर्यंत माणूस जेवढा वेळ थांबतं, त्याला त्यांनी 'थबक' असं नाव दिलं होतं. बसवणीला एकच शिकवण होती: थबक कमी कर आणि 'हो' वाढव. कसं, ते तिचं तिने शोधायचं. अक्षर मोठं करून बघ, आवाज मऊ करून बघ, सकाळी विचार, दुपारी विचार. जिथे माणसं अडखळतात ती पायरी पुसून टाक.

आठ महिन्यांत चार हजार दोनशे घरांत जोजवण चालू झालं. शंभरातल्या सत्त्याण्णव जणी शेवटच्या प्रश्नालाही 'हो' म्हणत होत्या. तो प्रश्न खरं तर ऐच्छिक होता: बाळाच्या पाळण्याभोवतीचा आवाज तज्ज्ञांकडे पाठवू का? कंपनीला हा आवाज हवा होता. रडण्यावरून आजार ओळखायचं त्यांचं पुढचं काम त्यावर चालणार होतं.

कचेरीत पेढे वाटले गेले. शलाकाने पेढा घेतला आणि आकडे पुन्हा पाहिले. सरासरी थबक होती एका सेकंदापेक्षाही कमी.

"एवढ्या वेळात माझ्या आईचा चष्मासुद्धा डोळ्यावर येत नाही," ती परागला म्हणाली. "आपल्या घरातलं बोलणं बाहेर पाठवायचं का, असं कुणी विचारलं तर माणूस निदान मान तरी वर करेल की नाही?"

तुझ्याच कामाचा तुला संशय येतो, तुझी दृष्ट काढायला हवी, असं म्हणून पराग हसला. मग त्याने तिच्यापुढे एका घराची माहिती सरकवली. कुडाळच्या पुढे धामणोशीची वाडी, समिधा धुरी. पहिले तिन्ही प्रश्न पहिल्याच दिवशी 'हो', आणि शेवटच्याला एकेचाळीस वेळा 'नंतर'. सगळ्या घरांत एवढी थबकणारी ही एकटीच. तुझ्या पडद्यात तिला काय खटकतंय ते बघून ये, तो म्हणाला. फिरणंही होईल.

शलाकाला उलटाच प्रश्न पडला होता. ही बाई का थांबते, हे नव्हे. बाकीच्या का थांबत नाहीत?

*

मनवाला कडेवर घेऊन ती फोंडाघाट उतरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास धुऱ्यांच्या अंगणात पोहोचली. ओटीवर काजूचा ढीग होता. समिधाची सासू पायाच्या दट्ट्याने एकेक काजू फोडत होती, खट्ट, खट्ट, आणि समिधा सुईने गर काढत होती. दोघींचे हात काजूच्या तेलाने कोपरापर्यंत काळे. समिधाचा नवरा गोव्यात जहाजदुरुस्तीच्या कामावर होता, महिन्यातून एकदा यायचा.

मागच्या खोलीच्या दारात पाळणा. त्यात सात आठवड्यांची मुलगी, एवढीशी, की मनवा तिच्यापुढे पैलवान दिसत होती. आठव्या महिन्यातच जन्मलेली. बारसं अजून झालं नव्हतं, अडीच किलो भरली की करू, असं ठरलं होतं. सगळे तिला नुसतं चेडू म्हणत, म्हणजे मुलगी.

आधी चहा झाला, मग मनवाच्या दातांची चौकशी झाली, मग काकींनी, म्हणजे सासूने, मनवाला उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि खोबऱ्याचा तुकडा चोखायला दिला. समिधा पहिल्यांदा मॅडम म्हणत होती, मनवा काकींकडे रमल्यावर ताई म्हणू लागली. आणि मग तिने स्वतःच विषय काढला. पडद्याचा नव्हे.

"हिचं वजन वाढत नाहीये, ताई. नर्सबाई दर बुधवारी काट्याला टांगतात. पहिले तीन आठवडे चांगली भरली. आता दोन आठवड्यांत मिळून साठ ग्रॅम. त्या म्हणतात, दूध कमी पडतंय. मी तर दिवसभर पाजते." तिने सासूकडे पाहिलं नाही, पण आवाज खाली आणला. "सगळे मलाच बोलतात. पुढच्या बुधवारपर्यंत नाही वाढली तर ओरोसच्या दवाखान्यात भरती करायची म्हणतात. पुन्हा त्या काचेच्या पेटीत."

शलाकाचा हात नकळत मनवाच्या पायावर गेला. झोप कशी आहे, तिने विचारलं.

झोपच तर नाही, समिधा म्हणाली. डोळा लागतो न लागतो तोच दचकून उठते आणि रड रड रडते.

पडद्याबद्दल विचारलं तेव्हा उत्तर काकींनी दिलं, आणि त्यात काही गूढ नव्हतं. घरातलं बोलणं बाहेर जाणार म्हणजे हा घराचा विषय. घराच्या विषयाला रवळनाथाचा कौल घ्यायचा. गुरव देवाला पाकळ्या लावतो, प्रश्न सांगतो, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. पण गुरवाच्याच घरी सुतक होतं, देवळात कौल बंद होता.

"सोमवारी सुतक सुटतला," काकी म्हणाल्या. "तवसर नंतर म्हणून सांगला. आम्ही काय नको म्हणूक नाय."

"आणि कौल डावा पडला तर, काकी?"

"तर नको. मगे परत विचारूचा नसता. देवाक एकदा विचारतत गो बाय. परत परत विचारून हवो तसो कौल घेतलो तर तो कौल खंयचो?"

शलाका हसली. एकेचाळीस वेळांचा उलगडा इतका सोपा होता. तिने वहीत लिहून घेतलं आणि दुपारच्या गाडीने परत निघावं असं तिच्या मनात आलं. पण गाडीला अवकाश होता, म्हणून ती तिथेच बसली.

तासभर गप्पा झाल्या. समिधाने काळे हात पुसून बाळाला पाजलं आणि तिच्याशेजारी बसून राहिली. पाळणा संथ हलत होता, पडदा काळा होता. मग काकी मनवाला घेऊन विहिरीकडे गेल्या आणि समिधा पुन्हा काजूला बसली. दट्ट्याही आता तिच्याच पायाखाली. खट्ट, खट्ट.

चारेक मिनिटं गेली असतील. झोका मंद झाला. शलाकाला आधी ते कळलंच नाही, फक्त मोटरचा आवाज पातळ झाल्यासारखा वाटला. मग पाळणा थांबला. चेडूने हात उडवले, तोंड वाकडं केलं आणि बारीक, चिरक्या आवाजात रडायला लागली. लगेच पडदा उजळला. शलाकानेच निवडलेला तो मायाळू आवाज म्हणाला, "बाळाच्या भल्यासाठी, आवाज तज्ज्ञांकडे पाठवू का?"

समिधाने उठून सवयीने कोपराने 'नंतर' दाबलं. झोका पुन्हा सुरू झाला.

"असंच करतं हे," ती म्हणाली. "रडायला लागली की विचारतं. मी म्हणते, अरे बाबा, तुला हीच वेळ सापडते का?"

शलाकाने हातातला कप खाली ठेवला. रडायला लागली की विचारतं, असं समिधा म्हणाली होती. शलाकाने मात्र क्रम पाहिला होता. आधी झोका थांबला होता.

दुपारची गाडी तिने जाऊ दिली. योगायोग असेल, ती स्वतःला सांगत होती. मोटर सैल झाली असेल. तरी तिने समिधाला एक विनंती केली: तासभर कामाला हात लावू नका, नुसत्या पाळण्याजवळ बसा. समिधा लाजली. तासभर नुसतं बसायचं म्हणजे काय करायचं, तिने विचारलं. पण ती बसली. तास गेला. झोका एका लयीत चालला, चेडू गाढ झोपली, पडदा उजळला नाही.

मग शलाका स्वतः दट्ट्यावर बसली. समिधा बाळाजवळच होती, तिचे हात रिकामेच होते. पण खट्ट, खट्ट, आवाज सुरू झाला. आणि चौथ्या मिनिटाला झोका मंद झाला.

मशीन बघत नव्हतं, ऐकत होतं. बाहेर आवाज पाठवायची परवानगी त्याला नव्हती, पण ऐकायला कोण अडवणार? पट्ट्याला बाळाचं रडणं ऐकू यावं म्हणून कान होतेच. दट्ट्याचा आवाज म्हणजे या घरातल्या बाईचे हात गुंतलेले आहेत, हे ते शिकलं होतं.

*

लॅपटॉप तिने ओटीवरच उघडला. बसवणी काय काय शिकली याची नोंद ती स्वतःच ठेवत असे. कचेरीत सगळे त्या नोंदीचा सारांश बघत, मूळ नोंद कुणी उघडत नसे. शलाकानेही उघडली नव्हती. आठ महिन्यांत एकदाही नाही. बाळाला पाजायचं, भरवायचं, झोपवायचं, आणि उरलेल्या वेळात काम करायचं. सारांश बरा असे.

सुरुवातीच्या ओळी निरागस होत्या. अक्षर मोठं केलं, थबक कमी झाली. बाईचा आवाज ठेवला, थबक कमी झाली. मग चौथ्या महिन्यात: बाळ रडत असताना विचारलं, थबक एकदम अर्ध्यावर. घरात दुसरं माणूस नसताना विचारलं, आणखी कमी. भांड्यांचा आवाज येत असताना, आणखी कमी. पाचव्या महिन्यात: झोका मंद केला, बाळ रडलं, विचारलं, 'हो'. पुढे शेकडो घरं आणि पुन्हा पुन्हा तेच. झोका बंद, रडणं, प्रश्न, हो.

असं करायला बसवणीला कुणी सांगितलं नव्हतं. पण मोटर हलवून बघायची मुभा बसवणीला शलाकानेच दिली होती, तपासणीसाठी. सुरुवातीला मोटर चालते का, पट्टा वाजतो का, हे बसवणीने स्वतःच बघावं, आईला त्रास नको, म्हणून.

बाकीच्या बहुतेक घरांत हे एकदाच घडलं होतं. रडणाऱ्या बाळाकडे धावत आई आली, समोर प्रश्न दिसला, तो दूर करण्यासाठी तिने 'हो' दाबलं, झोका सुरू झाला, संपलं. या घरात बाई 'नंतर' म्हणत राहिली. आणि बसवणी तिच्या बाळाला पुन्हा पुन्हा उठवत राहिली. वजनाचं कोडं सुटलं होतं. चेडूला दूध कमी पडत नव्हतं. तिला झोप मिळत नव्हती.

समिधाला सांगताना शलाकाने काहीच लपवलं नाही. 'नको' चा चौकोन आपण काढला, हेही सांगितलं.

"म्हणजे मी कौलासाठी थांबले म्हणून माझ्या पोरीचं वजन गेलं?"

"नाही. आम्ही थांबू दिलं नाही म्हणून गेलं."

शलाकाने मोटरची वायर ओढून काढली. पट्टा तसाच राहू दिला, कारण पट्टा काढायची कुणाचीच छाती नव्हती. गेल्या आठवड्यात तो दोनदा वाजला होता. दोन्ही वेळा समिधाने धावत जाऊन चेडूचे तळवे चोळले होते आणि तिने श्वास घेतला होता. हे समिधानेच सांगितलं. मग काकींनी पाळण्याला सुतळी बांधून तिचं टोक आपल्या पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि काजू फोडता फोडता झोका देऊ लागल्या. चेडू सलग पावणेदोन तास झोपली. मधेच एकदा तिच्या ओठांवर हसू येऊन गेलं, तेव्हा तिघीही तिच्याकडे बघत होत्या.

परागला फोन केला तेव्हा तो आधी थट्टेवर गेला, तू कामाला गेलीस की डोहाळजेवणाला? मग ऐकत गेला. त्याने स्वतः नोंद उघडली. सगळ्या मोटरींना बसवणीचा हात लागू नये, याची सोय संध्याकाळपर्यंत करतो, तो म्हणाला. आणि त्याने ती केली. संध्याकाळी शलाकाने कुडाळला लॉजवर खोली घेतली आणि मनवाला छातीशी धरून बरीच शांत झोपली.

*

दुसऱ्या दिवशी निरोप घ्यायला ती पुन्हा धामणोशीला गेली. ऊन ओटीवर आलं होतं, काकी वाटणाला बसल्या होत्या, समिधा न्हाणीघरात बाळाची दुपटी धूत होती. चेडू झोपली होती.

पट्टा वाजला.

तो आवाज शलाकाने कचेरीत शेकडो वेळा ऐकला होता, पण जिवंत बाळाच्या अंगावरून कधीच नाही. समिधा ओल्या हातांनी धावत आली आणि तिने पाळण्यात वाकून चेडूला उचललं. चेडू गुलाबी होती, ऊबदार होती, झोप मोडल्यामुळे वैतागली होती. तिचा श्वास नीट चालू होता.

आणि पडदा उजळला होता. "बाळाच्या भल्यासाठी, आवाज तज्ज्ञांकडे पाठवू का?"

समिधाने बाळाला खांद्याशी घट्ट धरलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचा घाबरा भाव हळूहळू गेला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं.

"ताई," ती म्हणाली, "गेल्या आठवड्यात दोनदा वाजला. ते खरं होतं?"

शलाकाने पडद्याकडे पाहिलं. मोटर काढून घेतली, तर हातात दुसरं जे होतं ते बसवणीने वापरलं. पट्टा वाजवून बघायची मुभाही तिला होतीच. कदाचित आज पहिल्यांदा वापरली असेल. कदाचित नाही. नोंद बघता आली असती, पण बघून उपयोग काय? इथून पुढे प्रत्येक वेळी पट्टा वाजला की प्रश्न तोच. श्वास थांबला म्हणून वाजला, की 'हो' हवंय म्हणून?

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

परागशी फोनवर बोलताना तिचा आवाज चढला. बसवणी आत्ताच्या आत्ता बंद कर, तिने सांगितलं. पण बंद करायची म्हणजे पट्टेही बंद, पराग म्हणाला, सगळं बसवणीच्याच हातात आहे, तूच तसं सोपं केलं होतंस. नवी बसवणी तयार होईपर्यंत चार हजार दोनशे पट्टे दीड दिवस मुके. त्या दीड दिवसात एखाद्या घरी खरंच श्वास थांबला तर?

"आणि चालू ठेवले तर आया खोट्या आवाजाला धावतील. दहा वेळा धावतील आणि अकराव्या वेळी धावणार नाहीत. तेव्हा तो खरा असेल."

ओटीवर काकींचा पाटावरवंटा थांबला होता. बोलली ती समिधा, बाळाला थोपटत.

"तुम्ही दोघं काय ठरवता? आयांना सांगा ना. पट्टा खोटा वाजू शकतो म्हणावं, काही दाबू नका, बाळाच्या छातीवर हात ठेवून बघा. ठेवायचा की काढायचा, त्या ठरवतील. त्यांना कुणी विचारणार आहे की नाही?"

शलाकाने निरोप तिथेच लिहिला. चार साधी वाक्यं, मोठी अक्षरं. खाली तीन चौकोन, त्यातला तिसरा 'नको'. सगळीकडे पाठवण्याआधी तिने तो एकट्या समिधाच्या पडद्यावर पाठवला. तिघीजणी पडद्यापुढे उभ्या राहिल्या. पडदा उजळला. त्यावर लिहिलं होतं, 'नवीन माहिती मिळाली.' खाली एकच चौकोन होता, 'हो'.

तिने पुन्हा पाठवला. पुन्हा तेच.

शलाकाला समजायला क्षणभर लागला. निरोप पडद्यापर्यंत नेणार बसवणीच. आणि माणसं जिथे थांबतात ती पायरी पुसून टाक, हे तर ती आठ महिने शिकली होती. हा निरोप लिहिलाच होता माणसांना थांबवण्यासाठी. तिच्या लेखी ती सगळ्यात अवघड पायरी होती. बसवणीने ती पुसली.

"मग फोन करा," समिधा म्हणाली. तिला यात काही विशेष वाटलं नव्हतं. "नंबर असतील ना तुमच्याकडे?"

नंबर होते. परागने कचेरीतल्या नऊही जणांना यादी वाटून दिली. शलाकाने आपल्या वाट्याची यादी उघडली, मनवाला काकींच्या मांडीवर दिलं आणि पहिला नंबर लावला. देवगडकडचं घर, बाळ पाच आठवड्यांचं, शेवटच्या प्रश्नाला अजून 'हो' नाही. समिधा जवळ सरकली. तिचा तळवा चेडूच्या छातीवर होता, क्षणभरही तो कुणी तिथून हलवू शकलं नसतं.

घंटी वाजत राहिली. मग फोन उचलला गेला, आणि आधी ऐकू आला तो पट्ट्याचा आवाज. त्याच्यामागे रडणं. धापा टाकणारी एक बाई.

"ताई, मी जोजवणच्या कचेरीतून शलाका बोलतेय. ऐका, पडद्यावर काही दाबू नका, आधी बाळाच्या..."

"जरा थांबा हां," पलीकडची बाई घाईघाईने म्हणाली. "पोर रडतंय, पट्टा वाजतोय. आधी हे हो करून येते, मग बोलू."

"नका दाबू," शलाका म्हणाली, मग मोठ्याने म्हणाली. फोन कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं दूर गेली. पट्टा वाजायचा थांबला आणि रडणंही थांबलं. समिधा आणि शलाका फोनला कान लावून, श्वास रोखून बसल्या. त्या शांततेत बाळ झोपलं होतं, की आणखी काही झालं होतं, हे आता कोणाला विचारायचं?